24 हा आकडा, पण कशाच्या तुलनेत?

30 सप्टेंबर आणि 1 ऑक्टोबर 2023. नांदेडच्या डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात 24 तासांत 24 मृत्यू झाले. त्यात 12 नवजात बाळं होती. पुढे 48 तासांत हा आकडा 31 वर गेला. मुंबई उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली.

रुग्णालयाचं म्हणणं होतं, अत्यवस्थ रुग्ण अगदी शेवटी आमच्याकडे येतात. विरोधक म्हणाले, औषधंच नाहीत. खरं काय? नुसत्या 24 वरून ते कधीच कळणार नाही. लाल रंगात कितीही मोठा छापला तरी नाही. आकड्याला शेजारी लागतो.

म्हणजे काय, तर तीन साधे आलेख. पहिला, वर्षभरातल्या रोजच्या मृत्यूंची रेषा आणि तिच्याखाली, त्याच तारखांवर, दाखल रुग्णांची रेषा. एखादा दिवस योगायोगानेही वाईट जातो. तो दिवस खरंच वेगळा होता का, हे वर्षभराची रेषाच सांगते. दुसरा, प्रत्येक बाळासाठी एक ठिपका. आडव्या अक्षावर दाखल झाल्यापासूनचे तास, उभ्या अक्षावर वजन. ठिपके पहिल्या काही तासांत दाटले असतील तर 'उशिरा आले' या म्हणण्यात दम आहे. बरेच दिवस वॉर्डात काढल्यानंतरचे असतील, तर प्रश्न वॉर्डाला विचारायचा. तिसरा, त्याच तारखांवर औषधांचा साठा आणि ड्युटीवरच्या नर्सेसची संख्या.

नियमही फार नाहीत. स्तंभ शून्यापासूनच सुरू करायचा, नाहीतर छोटा फरक डोंगराएवढा दिसतो. थ्रीडी पाय चार्ट नकोच, त्यात पुढचा तुकडा उगाच मोठा वाटतो. नुसत्या लाल-हिरव्यावर विसंबायचं नाही, काहींना तो फरक दिसत नाही. आणि नाव रेषेजवळच लिहायचं, कोपऱ्यात शोधायला लावायचं नाही.

हे अवघड वाटतंय? मग जवळच्या अंगणवाडीत जाऊन वाढीचा तक्ता बघा. हिरवा, पिवळा, केशरी पट्टा. मुलींचा वेगळा, मुलांचा वेगळा. लेकराची रेषा खाली वळली की आईला कळतं, काहीतरी बिघडलंय. त्यासाठी तिला डिग्री लागत नाही. आरोग्याचा आलेख असा हवा. ज्याचं लेकरू आहे, त्याला वाचता येणारा.

मग असेच तीन आलेख, नावं गाळून, दर महिन्याला नांदेड आणि लातूरच्या सरकारी रुग्णालयांच्या दारात का लागू नयेत? दोन्ही शहरांत नीटची तयारी करणारी हजारो पोरं आहेत, स्टॅटिस्टिक्स शिकणारीही आहेत. काढून देणारे हात इथेच आहेत. मागणीही आपणच करायला हवी. संकट आल्यावर नाही, आत्ता. कारण आधीची रेषा हातात नसेल, तर पुढच्या वेळीही आपण पुन्हा एका आकड्यावर फक्त भांडत बसू.