साडेदहाचा खजूर

‘आमच्याकडे साखर बंद, फक्त गूळ आणि खजूर.’ यंदा इंग्लंडमधल्या आमच्या मराठी मंडळाच्या हळदीकुंकवात हे वाक्य इतक्या जणींकडून ऐकलं की घरी येईपर्यंत राग आवरेना. सगळ्या शिकलेल्या, मुलांवर जीव टाकणाऱ्या. तरी दोघींच्या मुलांच्या दाढा भरून झालेल्या आणि एकीच्या लेकाची दाढ काढायची तारीख ठरलेली.

साखर कारखान्यातली की गुऱ्हाळातली, हे तोंडातल्या जंतूंना कळत नाही. गूळ म्हणजे बहुतांश साखरच, आणि खजुराचाही निम्म्याहून जास्त भाग साखरच असतो. जंतू ती खाऊन आम्ल तयार करतात, पीएच 5.5 च्या खाली उतरला की दातावरचं कवच विरघळू लागतं. लाळ ते आम्ल निवळवते, पण त्याला अर्धा तास तरी लागतो. दाढेत चिकटून बसणारं काही खाल्लं असेल तर आणखी जास्त. इथल्या आरोग्य खात्याच्या हिशेबात सात ते दहा वर्षांच्या मुलाला दिवसाला 24 ग्रॅम, म्हणजे साखरेचे सहा क्यूब, एवढीच मर्यादा आहे. त्यात मध आणि गूळही येतात. अख्खा खजूर मोजत नाहीत, पण तोच मिक्सरमधून काढून लाडू वळले की मोजतात. आपण तर लाडूच वळतो!

हे गूळ-खजुराचं वेड कुठून आलं तेही मला कळतं. शाळेत शेंगदाणे चालत नाहीत, म्हणून चिक्की गेली, दाण्याचे लाडू गेले. त्यांच्या जागी खजूर-ओट्सचे लाडू, गुळातला राजगिरा, बेदाण्यांची डबी आली. साडेदहाला ते, बाराला डब्यात गूळ-तूप लावलेल्या पोळीची गुंडाळी, सव्वातीनला शाळा सुटली की गाडीत ज्यूसचा टेट्रापॅक. दर वेळी तो अर्धा तास नव्यानं सुरू होतो. दाताला मग सावरायला वेळ मिळतो कधी? सहाव्या वर्षाच्या सुमाराला येणारी कायमची दाढ कुठलाही दुधाचा दात न पाडता मागच्या मागे उगवते. अनेक आयांना ती आल्याचंही कळत नाही, आणि तिच्याच खाचांत हा चिकटा बसतो. इंग्लंडमध्ये 5 ते 9 वर्षांची मुलं हॉस्पिटलात दाखल होण्याचं सर्वांत मोठं कारण किडलेले दात हे आहे. त्यात आपल्या घरातली मुलं असू नयेत असं मला फार वाटतं.

गूळ-तूप-पोळी आम्हीही खाल्ली, पण जेवणात. शाळेच्या डब्यात पोळी-भाजी असायची, आणि ताटावरून उठलं की खळखळून चूळ भरल्याशिवाय आजी अंगणात जाऊ देत नसे. इथली मुलं डबा बंद करून थेट मैदानात पळतात. निदान पाण्याचे चार घोट पिऊन जा, एवढं तरी त्यांना सांगता येईल. रात्री ब्रश केल्यावर मात्र चूळ भरू नये, पेस्ट नुसती थुंकावी. इंग्लंडमध्ये फ्लोराइड मिसळलेलं पाणी सुमारे दहा टक्के लोकांनाच मिळतं, त्यामुळे पेस्टमधलं फ्लोराइड दातावर राहू द्यायला हवं.

आमच्या घरी डब्यात थालीपीठ, घावन, मटकीची उसळ, उकडलेलं अंडं, किसलेलं चीज भरलेली पोळी असं फिरवून असतं. चीजचा एक तुकडा शेवटी खायचा, तो आम्ल निवळायला मदत करतो. गोड द्यायचंच तर जेवणाबरोबर द्या, दोन जेवणांच्या मध्ये नको. साडेदहाला काकडी नाहीतर गाजर. मूल सरकारी शाळेच्या पहिल्या तीन वर्गांत असेल तर रोज एक फळ किंवा भाजी शाळाच फुकट देते. मग वेगळी डबी हवीच कशाला?

हे फार उपदेशासारखं झालं. सकाळी सातला आईबाबा दोघांनाही ट्रेन गाठायची असते तेव्हा हाताला येईल ते डब्यात जातं, हे मी रोज बघते. सहा महिन्यांसाठी आलेल्या सासूबाईंनी हौसेनं वळलेले लाडू परत डब्यात भरून ठेवणं सोपं नाही. कुणाच्या मनाला लागलं असेल तर मनापासून क्षमा मागते.

पण मंडळाला एक विनंती आहेच. आपल्या शनिवारच्या मराठी शाळेत मधल्या सुट्टीत बिस्किटं आणि ज्यूस वाटतात. दिवसभरात ज्यूस 150 मिलिलिटरपर्यंतच आणि तोही जेवणाबरोबर, असं इथले डॉक्टर सांगतात. पुढच्या सत्रापासून पाणी आणि चिरलेली फळं ठेवू या. पहिल्या महिन्याची फळं चिरून आणायचं काम माझ्याकडे द्या.