शेंड्याची शिल्लक

आठव्या-नवव्या इयत्तेंत पाऊल टाकतांच आमच्या मुलांस विचारलें जातें, "तूं पुढें कोण होणार?" ज्यास उत्तर सुचत नाहीं तो मागासलेला ठरतो, ज्याचें उत्तर तयार असतें त्याच्या हातून चित्रकला, वाचन आणि मैदान हीं तिन्ही सुटतात. ही घाई हितावह आहे काय? या प्रश्नाचा विचार करतांना मला वनस्पतींच्या शेंड्याची आठवण होते.

जास्वंदीचा एखादा कोवळा शेंडा घ्या. त्यावरचीं चिमुकलीं पानें एकेक करून दूर केलीं, तर अखेरीस एक इवलासा घुमट उरतो. तो भिंगावांचून नीट दिसावयाचा नाहीं. त्याच्या मध्यभागीं कांहीं थोड्या पेशी अशा असतात कीं, त्यांनीं पान व्हावें कीं खोड, हें अद्याप ठरलेलें नसतें. शास्त्रज्ञ त्यांस मूलपेशी म्हणतात. त्या सावकाश विभागतात. त्यांची संतति कडेला सरकते व तेथें तिला रूप येतें. मध्यभागची शिल्लक मात्र कायम राहते. म्हणूनच वड शेंकडों वर्षें नवीं पानें काढूं शकतो. आणि माडाचा एकुलता एक शेंडा तुटला तर सारें झाडच मरतें.

ही शिल्लक राखतो कोण? मोहरीच्या कुळांतील अरॅबिडॉप्सिस या लहानशा रोपावर प्रयोग करून शास्त्रज्ञांनीं २००० सालीं तिचें रहस्य उकललें. मूलपेशींच्या खालच्या थरांत 'वुशेल' नांवाचें जनुक जागृत असतें. त्यापासून बनणारें प्रथिन स्वतःच वर सरकून मूलपेशींना तशाच राहावयास लावतें, हें २०११ सालीं दिसून आलें. उलट मूलपेशी 'क्लॅव्हाटा-३' हा संदेश सोडून त्या वुशेलला आंवरतात. मूलपेशी वाढल्या कीं संदेश वाढतो व वुशेल मंदावतें. त्या घटल्या कीं संदेश क्षीण होऊन वुशेल पुन्हां जोर धरतें. वुशेल बिघडलें तर शेंडा खुंटतो. क्लॅव्हाटा बिघडलें तर तो बेसुमार फुगतो.

बाजारांतील टोमॅटो चिरून पाहा. रानटी टोमॅटोंत बहुधा दोनच कप्पे असतात. मोठ्या जातींत अनेक. हा आंवर किंचित् सैल झाल्यानेंच हे कप्पे वाढले आहेत. सारांश, निसर्गांत वाढ आणि संयम हे वैरी नसून भागीदार आहेत.

कोणी म्हणेल, मूल म्हणजे रोप नव्हे. खरें आहे, दृष्टांत हा कांहीं पुरावा नव्हे. शिवाय ज्या घरीं पुढील वर्षाच्या फीची भ्रांत आहे, त्या घरच्या पालकांस मुलाची वाट लवकर ठरावीशी वाटते, यांत त्यांचा दोष नाहीं. परंतु ठरविणें निराळें आणि सर्व कांहीं खर्चून टाकणें निराळें. रोपहि ठरवितेंच, प्रत्येक पान हा एक निर्णयच असतो. मात्र निर्णय घेतांना तें शेंड्यांतील सर्व पेशी एकाच पानांत ओतीत नाहीं. तसेंच तें अनिर्णयाचा ढीगहि सांचूं देत नाहीं. 'पाहूं पुढें' म्हणत वर्षें दवडणाऱ्या विद्यार्थ्यानें हेंहि ध्यानांत ठेवावें.

म्हणून माझें म्हणणें अगदीं अल्प आहे. दहावीपर्यंत आठवड्यांतील निदान दोन तास असे असावेत कीं, ज्यांस गुण नाहींत, परीक्षा नाहीं आणि जे कोणत्याहि शिकवणीनें हिरावून घेऊं नयेत. त्या तासांत कोणी गावें, कोणी यंत्र उघडून पाहावें, कोणी नुसतें वाचावें. ते तास वायां गेले असें आज वाटेल. परंतु सोळाव्या वर्षीं पत्करलेली वाट विसाव्या वर्षीं बंद झाली, तर नवें पान फुटावयाचें तें याच शिल्लकेंतून.