खडखडाट

आगगाडीच्या आठवणी निघाल्या की मराठी माणूस बहुधा खिडकीत बसलेला असतो. डोळ्यात गेलेला कोळशाचा कण, लाकडी बाकं, कर्जतचा बटाटेवडा, फिरकीच्या तांब्यातलं पाणी आणि या सगळ्याखाली अखंड चाललेला तो खडखडाट. हल्लीच्या गाड्या कशा आवाज न करता सरकतात, पूर्वीची मजा गेली, असा सूर लागतो. मीही तो लावतो. पण माझ्या आठवणींतली निम्मी आगगाडी खिडकीबाहेरून पाहिलेली आहे. माझे मामा रेल्वेत गँगमन होते, पुढे मुकादम झाले. दौंड-मनमाड मार्गावरच्या एका लहानशा स्टेशनाजवळ त्यांचं क्वार्टर होतं आणि सुटीत आमचा मुक्काम तिथेच असे. त्यामुळे खडखडाट गेल्याचं मला वाईट वाटतं, ते जरा निराळ्या कारणाने.

तो आवाज यायचा कुठून? रुळाचे तुकडे साधारण १३ मीटरचे असत. पोलाद उन्हात वाढतं, म्हणून दोन तुकड्यांच्या मध्ये मुद्दाम फट ठेवलेली असे आणि दोन्ही अंगांना फिशप्लेट लावून बोल्ट आवळलेले असत. चाक फटीवरून गेलं की ठोका बसायचा. डब्यातल्या माणसाला त्यात ताल ऐकू येई, मामांना काम ऐकू येई. कारण प्रत्येक ठोक्यागणिक सांधा थोडा खचायचा, खालची खडी दबायची, बोल्ट सैल व्हायचे. मग गँगने पहारीने रूळ उचलायचा, बीटरने खडी ठोकून बसवायची आणि पुढच्या सांध्याकडे वळायचं. उन्हाळा-पावसाळा हेच. सगळ्या गाड्या निघून गेल्या आणि सांधे एकदाचे नीट बसले, असा दिवस काही त्यांच्या नोकरीत उजाडला नाही.

आता रूळ जोडून अखंड केले आहेत. काँक्रीटचे स्लीपर आले, खडी ठोकायला यंत्रं आली. सांधे कमी झाले तसे सांध्यांपायी होणारे घोटाळेही कमी झाले. गाडी वेगात धावते आणि हातातला चहा सांडत नाही. याबद्दल तक्रार करणं म्हणजे करंटेपणा. पण खडखडाटाबरोबर आणखी एक गोष्ट गेली. गाडी आपण होऊन आपल्या येण्याची वर्दी द्यायची, तीही लांबून. वाफेचं इंजिन तर अर्ध्या तालुक्याला कळवून यायचं. घाटातली जुनी विजेची इंजिनंही मुकी नव्हती. कर्जत-लोणावळा भागात लोक ज्याला ‘खेकडा’ म्हणत, ते इंजिन उभं असतानाही कण्हायचं आणि चालताना त्याच्या दांड्यांचा आवाज वेगळाच. रुळावर वाकलेल्या माणसाला ही वर्दी फुकट मिळत होती.

थंडीत मामा मफलर गळ्याला गुंडाळत, कानाला कधी नाही. मामीने विणलेली कानटोपी होती, पण तिच्या कडा दुमडून कानांच्या वर घेतलेल्या. नगर जिल्ह्यातली जानेवारीची पहाट काय असते हे ज्याला ठाऊक आहे, त्याला यातला त्रास कळेल. मी एकदा विचारलं तर म्हणाले, “आरं, डोळं कामात आस्त्यात. पाठीला डोळं न्हाईत. मंग ऱ्हातं काय? कानच की.” काम करताना गप्पा चालत, पण मधेच कुणी हात वर केला की सगळे एकदम चूप. मग मामा मान तिरकी करून उभे राहत. मला काहीही ऐकू यायचं नाही. ते सावकाश म्हणायचे, “मालगाडी हाय. येळ हाय अजून.” आणि थोड्या वेळाने खरोखरच मालगाडी यायची.

एकेरी मार्गावर हे जमत होतं. दुहेरी किंवा चौपदरी मार्गावर कान फसवतात. या रुळावरून मालगाडी धडधडत चालली असेल, तर शेजारच्या रुळावर येणारी लोकल ऐकूच येत नाही. माणूस एका गाडीपासून बाजूला होतो आणि नेमका दुसरीच्या वाटेत उभा राहतो. त्यात वेगाचं गणित मिळवा. ताशी ११० किलोमीटरने धावणारी गाडी सेकंदाला ३० मीटर कापते. वळणामुळे ती ३०० मीटरवर दिसली, तर हातात उरले १० सेकंद. तेवढ्यात दिसायचं, कळायचं, हातातली पहार घेऊन खडीवरून बाहेर पडायचं. पहार टाकून पळावं, तर ती रुळावर आडवी पडायची भीती.

यावर नियम नाहीत असं नाही. रूळ उघडून काम चाललं असेल, तर ६०० मीटरवर लाल बॅनर लावायचा आणि १,२०० मीटरवर तीन फटाके रुळाला बांधायचे. चाकाखाली ते फुटले की ड्रायव्हरने समजायचं, पुढे थांबायचं आहे. हा नियम उत्तम आहे. पण त्याचा मुख्य रोख उघडलेल्या रुळापासून गाडीला वाचवण्यावर आहे. किरकोळ दुरुस्तीची, तपासणीची, बोल्ट आवळण्याची जी असंख्य कामं गाडी न थांबवता चालतात, तिथे माणसाला वाचवायला असतो तो दूर उभा केलेला दुसरा माणूस, त्याची शिट्टी आणि त्याचं लक्ष. माणसं कमी पडली की या दुसऱ्या माणसालाही हाताखाली घ्यायचा मोह होतो.

त्याच मार्गावर गाडीच्या सुरक्षेसाठी काय होतं, ते मला स्टेशनात दिसे. मास्तरांच्या खोलीत टोकनचं यंत्र होतं. त्यातून धातूचा एक गोळा निघे, तो चामडी पिशवीत घालून वेताच्या कड्यासकट ड्रायव्हरला द्यायचा. गोळा हातात असल्याशिवाय गाडी पुढच्या स्टेशनकडे निघायची नाही. आणि तो गोळा पुढच्या यंत्रात पडेपर्यंत दोन्हीकडच्या यंत्रांतून दुसरा गोळा बाहेर येत नसे. मास्तर पेंगला, चिडला किंवा चुकला, तरी यंत्र बधत नसे. समोरासमोर दोन गाड्या येऊ नयेत म्हणून इतका बिनतोड उपाय कितीतरी दशकांपूर्वी शोधला गेला. त्या दोन स्टेशनांच्या मध्ये वाकलेल्या माणसाला मात्र आम्ही कानांवर सोडलं होतं.

जुना काळ त्याच्यासाठी बरा होता, असं मात्र कुणी समजू नये. भोर घाटाचा रेल्वेमार्ग १८५६ ते १८६३ या वर्षांत बांधला गेला. १८६१ मध्ये तिथे ४२ हजारांपर्यंत मजूर राबत होते. सुरुंग, कडे, पटकी आणि ताप यांनी त्या कामावर सुमारे २५ हजार माणसं दगावली असावीत, असा इतिहासकारांचा अंदाज आहे. थकलेल्या मजुरीवरून १८५९ मध्ये तिथे दंगा झाला. नंतर आलेला कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल भारतात पाऊल ठेवल्यावर थोड्याच दिवसांत वारला आणि त्याची पत्नी ॲलिस हिने काम पुढे नेलं. तिचं नाव इतिहासात राहिलं. मजुरांची नावं राहिली नाहीत.

आणि दौंड! मनमाडकडून पुण्याला जाणाऱ्या गाडीचं इंजिन तिथे काढून दुसऱ्या टोकाला लावत. आम्हा पोरांना ती पर्वणी, कारण गाडी उलटी चालू लागायची आणि तोवर खायला वेळ मिळायचा. त्याच वेळी इंजिन आणि डबा यांच्या बफरांमध्ये वाकून एक पॉइंट्समन उभा असे. वजनदार कपलिंग उचलून आकड्यात अडकवायचं, स्क्रू फिरवून आवळायचं, ब्रेकचे पाइप जोडायचे. इंजिन हातभर जरी अवेळी हललं तरी मधल्या माणसाचं काय होईल, हे सांगायला नको. ही गोष्ट जुनी झाली म्हणावं, तर ९ नोव्हेंबर २०२४ला बिहारमधल्या बरौनी स्टेशनात इंजिन आणि डबा यांच्यामध्ये चिरडून एक कर्मचारी गेला. नव्या डब्यांना मधोमध आपोआप जुळणारं कपलिंग आहे, पण जुने डबे अजून धावतात आणि माणूस अजून बफरांमध्ये वाकतो.

रुळावरच्या कामाचं आणखी एक वैशिष्ट्य आहे. प्रत्येक ऋतूतली जी वेळ सर्वांत वाईट, ती या माणसाची ड्यूटी. उन्हाळ्यात रूळ फुगून वाकडे होण्याची भीती दुपारी, म्हणून गस्त दुपारी. हिवाळ्यात पोलाद आखडून वेल्ड तुटण्याची भीती पहाटे, म्हणून गस्त रात्री-पहाटे. पावसाळ्यात दरड आणि भराव खचण्याची भीती मुसळधार रात्री, म्हणून कंदील, आता टॉर्च, घेऊन तेव्हा चालायचं. सह्याद्रीच्या घाटांत तर मध्य रेल्वेची ‘हिल गँग’ असते. पावसाळ्याआधी ही माणसं कंबरेला दोर बांधून कड्यावर चढतात आणि सैल झालेले धोंडे पहारीने आधीच खाली पाडतात, म्हणजे ते जुलैत गाडीवर पडू नयेत. २००३च्या जूनमध्ये कोकण रेल्वेवर वैभववाडीजवळ रुळावर आलेल्या दरडीने गाडी घसरली आणि ५०हून अधिक माणसं गेली. ज्या रात्री असं काही घडत नाही, त्या रात्री कुणीतरी त्या वाटेने चालून गेलेलं असतं. त्याची बातमी होत नाही.

बातमी होते ती दुसरी. १३ फेब्रुवारी २०२३च्या पहाटे लासलगावजवळ चार रेल्वे कामगार रुळावर काम करत होते. विजेच्या तारांची देखभाल करणारी टॉवर वॅगन आली आणि चौघेही गेले. गाडी प्रवासी नव्हती, वेळापत्रकातली नव्हती आणि बातम्यांनुसार नेहमीच्या दिशेने आलेली नव्हती. म्हणजे वेळापत्रक पाठ असणाऱ्या अनुभवी माणसालाही ती चुकवणारीच होती. पुढच्या वर्षी २२ जानेवारीच्या रात्री वसई रोड आणि नायगावच्या दरम्यान सिग्नल दुरुस्त करायला गेलेले तीन कर्मचारी लोकलखाली सापडले. दोन-चार दिवस हळहळ झाली, आंदोलनं झाली, मग विषय मागे पडला.

मागे पडायला एक कारण आहे. रेल्वे अपघातांचा जो वार्षिक हिशेब आपण ऐकतो, त्यात गाड्यांची टक्कर, घसरणं, आग, फाटकावरचे अपघात येतात. एकटा ट्रॅकमन गाडीखाली सापडला, तर त्या हिशेबात तो ‘गाडीचा अपघात’ ठरत नाही. गाडीला तर काही झालेलं नसतं! डॉ. अनिल काकोडकर यांच्या समितीने २०१२च्या फेब्रुवारीत दिलेल्या अहवालात ही दुसरी वही उघडली. २००७-०८ पासून ऑक्टोबर २०११ पर्यंत सुमारे १,६०० रेल्वे कर्मचारी कामावर असताना मृत्युमुखी पडले आणि ८,७०० जखमी झाले, असं त्यात होतं. भागाकार केला तर जवळपास रोज एक मृत्यू. ज्या काळात दर नव्या गाडीचं स्वागत हार-फुलांनी होत होतं, तोच हा काळ.

उपाय माहीत नाहीत, असं कुणी म्हणू शकत नाही. ‘रक्षक’ नावाचं एक यंत्र आहे. गाडी जवळच्या स्टेशनातून सुटली की रेडिओ संदेशाने कामगाराजवळचं उपकरण वाजतं, थरथरतं, त्यावर दिवा लागतो. खडखडाट जी वर्दी देत होता तीच वर्दी, पण कानांच्या भरवशावर न ठेवता. काही विभागांत ते आलं आहे. ते प्रत्येक गँगपर्यंत पोचावं, चालू स्थितीत राहावं आणि लक्ष ठेवायला नेमलेल्या माणसाच्या हातात पहार देऊ नये, एवढ्या या साध्या मागण्या आहेत. टोकनच्या गोळ्याने जे तत्त्व गाडीला लावलं, तेच माणसाला लावायचं: चूक होऊ नये म्हणून बजावत बसण्यापेक्षा, झाली तरी जीव जाणार नाही अशी व्यवस्था करायची.

सर्वांत खात्रीचा उपाय मात्र जुनाच आहे. काम चालू असताना त्या रुळावर गाडीच सोडायची नाही. मुंबईकर ज्याला मेगाब्लॉक म्हणून शिव्या देतो, तो हाच. रविवारी लग्नाला पोचायला उशीर झाला की मीही कुरकुरतो. पण ब्लॉक मिळाला नाही, तर तेच काम दोन गाड्यांच्या मधल्या मिनिटांत उरकायचा दबाव येतो आणि त्या मिनिटांची किंमत कोण देतं, ते लासलगावला आणि वसईला दिसलं आहे. प्रवासी संघटना फलाटांची उंची, सरकते जिने, वातानुकूलित लोकलचं भाडं यांवर निवेदनं देतात, द्यायलाच हवीत. त्याच निवेदनात आणखी एक ओळ घालावी: ब्लॉक कमी करू नका, वेळेवर जाहीर करा आणि पुरते द्या. ही मागणी कर्मचाऱ्यांच्या संघटनेपेक्षा प्रवाशांकडून आली, तर साहेबांच्या टेबलावर तिचं वजन जास्त पडेल. वेळापत्रकाचं कारण पुढे करून ब्लॉक नाकारला जातो, तो शेवटी आपल्याच नावाने.