टीव्ही गेम स्वच्छ करा, पांढराशुभ्र करू नका



दिवाळीची आवराआवर सुरू झाली की माळ्यावरून एक खोका हमखास खाली येतो. त्यात नव्वदच्या दशकातला टीव्ही गेम, वायरींचा गुंता, दोन-चार कॅसेट आणि एक प्लास्टिकची बंदूक असते. मग घरात दोन पक्ष पडतात. एक म्हणतो, भंगारात द्या. दुसरा म्हणतो, घासूनपुसून अगदी नव्यासारखा करू. माझं मत दोघांनाही पटणार नाही. तो टाकू नये, पण त्याला नव्यासारखा करायच्या मागेही लागू नये. तो स्वच्छ करावा, सुरक्षित करावा, चालता करावा आणि तिथे थांबावं.

टाकू नये असं का म्हणते? आपल्याकडे घरोघरी जे टीव्ही गेम आले, ते बहुतेक जपानच्या निन्टेन्डो कंपनीच्या ‘फॅमिकॉम’ यंत्राच्या नकला होत्या. मूळ फॅमिकॉम जपानमध्ये १५ जुलै १९८३ रोजी विक्रीला आला. मासायुकी उएमुरा या अभियंत्याच्या देखरेखीखाली तो घडला. त्याचं उत्पादन २००३ मध्ये थांबलं, तरी कंपनी जपानमध्ये तो दुरुस्त करून देत होती, ऑक्टोबर २००७ पर्यंत. म्हणजे विक्रीला आल्यापासून चोवीस वर्षं. आपण मात्र दोन वर्षांत मोबाइल बदलतो. ही यंत्रं साधी आहेत, स्क्रूने उघडतात, आत बघितलं की काय कुठे आहे ते दिसतं. थोडी निगा राखली तर पुन्हा चालणारी वस्तू भंगारात का द्यायची? आणि भंगारात गेली की ती कुठे उघड्यावर जाळली जाईल, याचा भरवसा नसतो.

आता आधी सुरक्षेचं, कारण मुलं हौसेने पेचकस घेऊन बसतात.

पहिली गोष्ट, यंत्र कसल्या जातीचं आहे ते बघा. भिंतीतल्या प्लगपाशी चौकोनी अडॅप्टर असेल आणि तिथून बारीक वायर यंत्रात जात असेल, तर यंत्राच्या आत कमी दाबाची वीज असते. प्लग काढून, थोडा वेळ थांबून असं यंत्र घरी उघडायला हरकत नाही. पण भिंतीतली वायर सरळ यंत्रात शिरत असेल, जशी पहिल्या प्लेस्टेशनमध्ये किंवा सुरुवातीच्या जाड प्लेस्टेशन २ मध्ये शिरते, तर वीजपुरवठ्याचा भाग आतच असतो. प्लग काढल्यावरही तिथल्या कंडेन्सरमध्ये वीज साठून राहते. तो खेळ बाहेरून पुसा, उघडायचं काम कारागिरावर सोडा. आणि जुना डबा टीव्ही तर कधीच उघडू नका. त्याच्या पिक्चर ट्यूबवर हजारो व्होल्टचा भार बंद केल्यानंतरही राहू शकतो.

दुसरी गोष्ट अडॅप्टरची. जपानमध्ये घरची वीज १०० व्होल्टची, अमेरिकेत १२० ची, आपली २३० ची. परदेशातल्या नातेवाइकांनी दिलेला त्या काळचा अडॅप्टर इथल्या प्लगमध्ये घातला तर तो जळेल. मूळ फॅमिकॉमला १० व्होल्ट डीसी लागते आणि त्याच्या पिनेचा आतला भाग ऋण असतो. आज बाजारात मिळणाऱ्या बहुतेक अडॅप्टरच्या पिनेत आतला भाग धन असतो. पीन नीट बसली म्हणून अडॅप्टर योग्य ठरत नाही. यंत्राच्या तळाशी आणि जुन्या अडॅप्टरवर छापलेले आकडे आणि धन-ऋणाची खूण जुळवून बघा. जुन्या अडॅप्टरची वायर तडकली असेल तर चिकटपट्टी गुंडाळू नका, नवा घ्या.

आता साफसफाई. खिडकीपाशी दिवसाच्या उजेडात बसा. खाली पांढरं कापड पसरा. प्रत्येक टप्प्यावर मोबाइलने फोटो काढा, म्हणजे परत जोडताना डोकं खाजवावं लागत नाही. स्क्रू ठेवायला बर्फाचा ट्रे उत्तम. ज्या क्रमाने निघतील त्याच क्रमाने एकेका खणात टाका. तोंडाला मास्क लावा आणि काम झाल्यावर हात साबणाने धुवा, कारण त्या काळच्या सोल्डरमध्ये शिसं असायचं. खाण्याच्या ताटांजवळ हे काम नको.

झाकण उघडलं की अनेकदा पहिली भेट होते ती झुरळांची. बंद, उबदार, अंधारी जागा त्यांना आवडते. इथे लगेच स्प्रे मारायचा मोह होतो. मारू नका. आपल्या घरात याचं कारण सांगायची गरज नाही, पण ज्यांना हवं त्यांच्यासाठी दुसरं कारणही आहे. स्प्रेमधली द्रावणं पेट घेऊ शकतात, प्लास्टिक खराब करतात आणि पट्टीवर चिकट थर सोडतात. त्यापेक्षा खोका गच्चीत किंवा गॅलरीत न्या, झाकण सैल करा, हलकेच टिचक्या मारा आणि बाजूला व्हा. उजेड आत गेला की जीव आपले आपण निघून जातात. घाई करू नका. अंड्यांची टरफलं किंवा कोश दिसले तर कागदाच्या पट्टीने अलगद उचलून बाहेर सावलीत ठेवा. सगळं रिकामं झाल्याची खात्री झाल्यावरच पुढचं काम. जयणा म्हणजे हीच ना?

प्लास्टिकचं वरचं आणि खालचं कवच आतल्या पट्टीपासून पूर्ण वेगळं झालं की ते कोमट पाण्यात भांड्यांच्या सौम्य साबणाने धुता येतं. मऊ टूथब्रश वापरा, स्टिकर असलेला भाग भिजवू नका, आणि सावलीत पूर्ण एक दिवस वाळवा. नेलपॉलिश काढायचं द्रावण बिलकुल नको. त्यातलं अॅसिटोन हे प्लास्टिक विरघळवतं. तारेची घासणी आणि खरखरीत स्पंजही नको, त्यांनी प्लास्टिकचा मूळ पोत जातो.

आतल्या हिरव्या किंवा तपकिरी पट्टीला पाणी लावायचं नाही. रंगकामाचा मऊ कुंचला घेऊन धूळ झटका. चिकट डाग असतील तिथे आयसोप्रोपिल अल्कोहोल, ९० टक्क्यांहून जास्त शुद्धतेचं. ‘अल्कोहोल? आपल्या घरात?’ असा प्रश्न येणार, तर सांगते. हे पिण्याचं मद्य नाही, पोटात गेलं तर विष आहे. ते आंबवून बनवत नाहीत, मुख्यतः पेट्रोलियमपासून मिळणाऱ्या प्रोपिलीनपासून बनवतात. बाटलीवर ठळक नाव लिहा, मुलांच्या हाती लागणार नाही अशी ठेवा, आणि गॅस किंवा पेटता दिवा जवळ असताना उघडू नका. त्याच्या जागी हात धुण्याचं सॅनिटायझर चालत नाही, त्यातला चिकटपणा मागे राहतो.

कॅसेट चालत नाही म्हटलं की आपण सगळ्यांनी काय केलं? तोंडाने फुंकर मारली. आणि खेळ सुरू झाला की वाटलं, फुंकरीने झाला. खरं तर कॅसेट काढून परत घातली म्हणून पिना पुन्हा नीट टेकल्या, इतकंच. फुंकरीतला ओलावा मात्र धातूवर बसतो आणि पुढे गंज धरतो. निन्टेन्डोनेही फुंकर मारू नका असंच सांगितलेलं आहे. कापसाची काडी त्याच द्रावणात किंचित ओली करा आणि कॅसेटच्या धातूच्या पट्ट्यांवरून फिरवा. काडी काळी होईल, दुसरी घ्या. काडी पांढरी राहिली की झालं. पूर्ण वाळल्यावर ती कॅसेट यंत्रात दोन-तीनदा आतबाहेर करा, म्हणजे यंत्रातल्या पिनांची घाण तिच्यावर येते, ती पुन्हा पुसा. खोडरबर आणि पितळ घासायची पावडर इथे वापरू नका. त्यांनी पट्ट्यांवरचा पातळ मुलामाच निघून जातो.

रिमोटची बटणं दाबली जात नसतील तर बहुधा आतल्या रबराखाली धूळ असते. रबर पाण्याने धुऊन वाळवा. त्याखालच्या काळ्या ठिपक्यांना घासू नका, त्यांच्यामुळेच बटण काम करतं. हातात धरायच्या खेळात सेल फुटून पांढरट भुकटी जमली असेल तर काडीवर लिंबाच्या रसाचे एक-दोन थेंब घेऊन तेवढ्याच जागी लावा, मग पाण्याच्या ओल्या काडीने आणि शेवटी अल्कोहोलने पुसा. हातमोजे घाला. पट्टीवरचा एखादा कंडेन्सर फुगलेला दिसला किंवा त्याच्या बुडाशी ओल दिसली, तर तिथे आपलं काम संपलं. गल्लीतल्या रेडिओ-टीव्ही दुरुस्त करणाऱ्या जुन्या कारागिराकडे जा. त्यांना हे काम पाठ असतं आणि त्यांच्याकडे आता फारसं कुणी जात नाही.

आता माझ्या मुख्य मुद्द्याकडे येते. जुनं प्लास्टिक पिवळं पडतं. एबीएस नावाचं हे प्लास्टिक ऊन, उष्णता आणि हवा यांनी वर्षानुवर्षं बदलत जातं. काही यंत्रांचा वरचा भाग पिवळा आणि खालचा करडा दिसतो. अमेरिकेत १९९१ मध्ये आलेल्या सुपर निन्टेन्डोचं असं पुष्कळदा होतं. यावर उपाय म्हणून हौशी लोक हायड्रोजन पेरॉक्साइड लावून यंत्र उन्हात ठेवतात. आपल्याला हे द्रव्य पार्लरमधल्या डेव्हलपरमुळे माहीत आहे. २० व्हॉल्यूम म्हणजे ६ टक्के, ४० व्हॉल्यूम म्हणजे १२ टक्के. हातावर सांडलं तर काय आग होते, तेही माहीत आहे. माझ्या नणंदेच्या मुलाने अमेरिकेतून आणलेला असाच एक खेळ एका दुकानात ‘पांढरा’ करून घेतला. आला तेव्हा सगळे खूश. नीट बघितलं तर ब्रशचे पट्टे उमटलेले, आणि दोन वर्षांत पिवळेपणा परत.

या बाजूने बोलणारे म्हणतात, चांदीची भांडी आपण उजळतोच ना? उजळतो. पण चांदीचा काळपटपणा वरचा असतो, तो निघाला की खाली चांदीच असते. तरी दर वेळी थोडी चांदी झिजते, म्हणून आपल्या सासवा ती उगाच घासू देत नसत. प्लास्टिकचा पिवळेपणा मळ नाही. प्लास्टिकच बदललेलं असतं. ते उजळलं म्हणून मजबूत होत नाही. रंग जातो, वय जात नाही. आणि पिवळ्या यंत्रावर खेळ तितकाच चालतो. मुलींच्या रंगावरून आपण आयुष्यभर ऐकून घेतलं, निदान प्लास्टिकला तरी आहे तसं राहू द्या.

पुढच्या वर्षांसाठी जे करायचं ते साधं आहे. ऊन लागणार नाही अशा जागी ठेवा. वायर यंत्राभोवती गुंडाळू नका, कारण वायरीच्या आवरणातलं मऊ करणारं द्रव्य हळूहळू यंत्राच्या प्लास्टिकमध्ये उतरतं आणि तिथे खोल वळ पडतात. वायर जुन्या सुती साडीच्या तुकड्यात वेगळी बांधा. पावसाळ्यात ओल शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या ठेवा. डांबराच्या गोळ्या नकोत, त्यांच्या वाफेने काही प्लास्टिक खराब होतं. खोक्याजवळ खाऊ नेला नाही तर झुरळंही येत नाहीत, आणि मग त्यांना हुसकावण्याची वेळही येत नाही.

पहिल्यांदा चालू कराल तेव्हा मोठं माणूस समोर असू द्या. जळका वास, गुणगुण किंवा जास्त गरमी जाणवली की लगेच प्लग काढा. आणि ती बंदूक आजच्या सपाट टीव्हीवर चालणार नाही. तिला जुन्या पिक्चर ट्यूबचाच प्रकाश लागतो. म्हणजे ‘डक हंट’मधली बदकं आपोआप सुरक्षित, आणि आजीलाही बरं वाटेल.

चालू झालेला खेळ काचेच्या कपाटात ठेवायचा हट्ट करू नका. मुलांना खेळू द्या. घरात कुणालाच नको असेल तर ज्याला हवा आहे त्याला द्या. अगदीच गेला असेल तर भंगारात न टाकता ई-कचरा घेणाऱ्या अधिकृत केंद्रात द्या. १ एप्रिल २०२३ पासून त्यासाठी देशात नवे नियम लागू आहेत. या दिवाळीत खोका खाली आला की आधी प्लग बघा, मग कुंचला हाती घ्या. पेरॉक्साइडची बाटली पार्लरमध्येच राहू द्या.