हप्ता : कोण देतो, कोण घेतो?

‘हप्ता’ म्हटलं की हिंदी सिनेमा बघून वाढलेल्यांना आधी भाईच दिसतो. दुकानाच्या पायरीवर उभा राहून गल्ल्याकडे बघणारा. पण त्याच शब्दाने तुमची आई विम्याचे पैसे भरते. गावाकडचे काका पीएम किसानचा मेसेज आला का, ते मोबाइलवर बघतात. मावशीला ‘लाडकी बहीण’च्या १,५०० रुपयांची वाट बघायची असते. आणि कट्ट्यावरचा मित्र नवाकोरा फोन टेबलावर ठेवत म्हणतो, ‘फक्त दोन हजार हप्ता आहे रे!’ भाई उकळतो, सरकार जमा करतं, आई भरते, मित्र मिरवतो. शब्द एकच.

मूळ अर्थ अगदी साधा. फारसीत ‘हफ्त’ म्हणजे सात आणि ‘हफ्ता’ म्हणजे सात दिवस. आपल्या ‘सप्ताह’चाच भाऊबंद. हिंदीत तो अजूनही आठवडाच आहे. मराठीने मात्र घरचा ‘आठवडा’ ठेवला (दिवस सात आणि नावात आठ, हे आपलं खास गणित!) आणि या पाहुण्याला पैशाच्या कामाला जुंपलं. आता त्याचा सात दिवसांशी संबंध उरलेला नाही. फोनचा हप्ता महिन्याला येतो, पीएम किसानचा चार महिन्यांनी.

पैशाचे तुकडे करणं एवढंच या सगळ्यांत सारखं. पण तुकडे कुणाच्या सोयीने झाले, हा खरा प्रश्न आहे आणि तो आपण विचारतच नाही. तुमच्या वर्गात कोल्हापूर-सांगलीकडचं कुणी असेल तर त्याला उसाचं विचारा. ऊस कारखान्याला गेला की १४ दिवसांत एफआरपीचे पैसे द्यायचे, उशीर झाला तर १५ टक्के व्याज द्यायचं, असा नियम आहे. तरी २०२२ मध्ये राज्य सरकारने ते दोन टप्प्यांत द्यायची मुभा दिली. शेतकरी भांडले, कोर्टात गेले आणि २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तो निर्णय रद्द केला. एवढा आटापिटा कशासाठी? कारण पैसे तुकड्यांत मिळाले की थांबायचं शेतकऱ्याने, आणि त्याच्या सोसायटीच्या कर्जाचं व्याज काही थांबत नाही. थोडक्यात, थांबण्याची किंमत असते, हे शेतकऱ्याला पक्कं माहीत आहे.

फोन घेताना आपण नेमकं हेच विसरतो. इथे थांबणारी पार्टी फायनान्स कंपनी असते आणि ती फुकट थांबेल असं आपल्याला खुशाल वाटतं. शून्य टक्के व्याज असं काही नसतंच, हे रिझर्व्ह बँकेने २०१३ मध्येच सांगून ठेवलंय. व्याज कुठेतरी लपलेलं असतं. रोखीने घेतला असता तर मिळाली असती ती सूट गेलेली असते, वर प्रोसेसिंग फी असते, क्रेडिट कार्डावर हप्ते पाडले तर व्याजावर १८ टक्के जीएसटीही लागतो. एखादा हप्ता चुकला तर दंड आहेच. शिवाय ३०० ते ९०० मधला तो सिबिल स्कोअर घसरतो आणि उद्या शिक्षणासाठी खरंच कर्ज लागेल तेव्हा तोच आडवा येतो.

हप्त्यावर काही घेऊच नका, असं माझं म्हणणं नाही. अभ्यासाला लॅपटॉप लागतो आणि घरी एकदम ५० हजार निघत नाहीत, तेव्हा हप्ता हाच शहाणपणा. कॉलेजची फीसुद्धा हप्त्यांत मिळावी म्हणून जरूर भांडा. माझा राग आहे तो ‘ईएमआय’ या गुळगुळीत शब्दावर. इंग्रजीत म्हटलं की देणं वाटतच नाही, लाइफस्टाइल वाटते! ‘हप्ता’ म्हणा. त्याला भाईचा थोडा वास आहे, पण तो इथे कामाचा आहे. निदान कुणीतरी दर महिन्याला वसुलीला येणार आहे, हे तरी लक्षात राहतं.

आणि दुकानात सेल्समन ‘महिन्याला किती परवडेल?’ असं विचारेल, तेव्हा त्याला उलट विचारा : रोखीत कितीला? सगळे हप्ते आणि फी मिळून किती? कर्ज देणाऱ्याने सगळा खर्च मांडलेलं ‘की फॅक्ट स्टेटमेंट’ द्यायचंच असतं. सही करण्याआधी ते मागून घ्या. मागे रांग लागली असली तरी.