दुखण्याची किंमत ८० हजार डॉलर!

शाळा बुडवायची असली की मुलांच्या पोटात नेमकं दुखायला लागतं, हे आपल्याला काही नवीन नाही. पण अमेरिकेतल्या 'एनबीए' या व्यावसायिक बास्केटबॉल स्पर्धेत एका तरुण खेळाडूच्या अशाच दुखण्यावर हजारो डॉलर लागले होते!

जॉन्टे पोर्टर हा टोरांटो रॅप्टर्स संघाचा खेळाडू. २० मार्च २०२४ च्या सामन्यात तो तीन मिनिटंही खेळला नाही. 'बरं वाटत नाही' म्हणून बाहेर गेला. तब्येतीची ही बातमी त्याने आधीच एका सट्टेबाजाला पुरवली होती. तिकडे एकेका खेळाडूवरही पैज लागते. तो अमुक गुण करील की कमी? 'कमी' म्हणत एकाने ८० हजार डॉलर लावले. मिळणार होते ११ लाख! संशय आला आणि पैसे अडले. एप्रिलमध्ये पोर्टरवर आजन्म बंदी आली, जुलैमध्ये त्याने कोर्टात गुन्हा कबूल केला.

मैत्रिणींनो, खरी मेख पुढेच आहे. पोर्टरला स्वतःलाच जुगाराचा नाद होता. अंगावर देणं झालं आणि ज्यांचं देणं, त्यांनीच वाट दाखवली... सामना लवकर सोड, कर्ज फिटेल!

आतली बातमी विकणं तिथे जुनंच. २००७ मध्ये टिम डोनाघी हा चक्क पंचच सट्टेबाजांना खबर देताना सापडला. कुंपणानेच शेत खाल्लं! २००८ मध्ये त्याला १५ महिन्यांची कैद झाली. पण २०१८ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने खेळांवरच्या सट्ट्याला आळा घालणारा केंद्रीय कायदा रद्द केला. मग राज्याराज्यांत सट्टा खुला झाला, थेट मोबाइलवर आला. एनबीएनेही सट्टा कंपन्यांशी करार केले. आता अख्खा संघ फोडायची गरजच उरली नाही. कर्जात बुडालेला एक खेळाडू पुरतो. ऑक्टोबर २०२५ मध्ये टेरी रोझियर या खेळाडूलाही अशाच आरोपावरून अटक झाली. त्याने आरोप नाकारले आहेत.

आपल्याकडे पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर ऑगस्ट २०२५ मध्ये बंदीचा कायदा झाला. चांगलंच झालं. पण कायदा काही घरातलं देणं शोधायला येत नाही. मुलगा गप्प गप्प राहतोय, सारखे उसने मागतोय, असं दिसलं तर आधी ओरडू नका. 'कुणाचे पैसे द्यायचेत का रे?' एवढंच विचारा. ज्याला देणं घरी सांगता येतं, त्याला बाहेरचं कुणी सहजी विकत घेऊ शकत नाही.