महामार्गावरचे मृत्यू आणि चालकाच्या माथी मारलेला दोष

२०२२ या एका वर्षात महाराष्ट्राच्या रस्त्यांवर १५,२२४ माणसे मेली. दिवसाला सरासरी एकेचाळीसहून अधिक. हा आकडा केंद्र सरकारच्याच अहवालातला आहे. एवढी माणसे एखाद्या साथीने दगावली असती तर विधिमंडळ दणाणून गेले असते. रस्त्यावरच्या मृत्यूला मात्र आपल्याकडे ‘अपघात’ म्हणतात, आणि अपघात म्हटला की कोणाला जाब विचारावयाचे कारणच उरत नाही.

सर्वोच्च न्यायालयाने ३० नोव्हेंबर २०१७ च्या निकालाने राज्यांना रस्ता सुरक्षेचे धोरण, जबाबदार यंत्रणा, निधी व कृती आराखडा करण्यास फर्माविले. तेव्हापासून ‘आराखडा’ हा शब्द मंत्रालयात चांगलाच रुळला आहे. जानेवारी उजाडला की फलक लागतात, हेल्मेटवाटपाची छायाचित्रे छापून येतात. राज्यव्यापी योजनेला आमचा विरोध नाही, ती हवीच. वाद आहे तो तिने दोषी कोणाला ठरविले आहे याविषयी.

१ जुलै २०२३ रोजी समृद्धी महामार्गावर सिंदखेडराजाजवळ खासगी बस उलटून पेटली आणि २५ प्रवासी मृत्युमुखी पडले. नंतरच्या चर्चेचा रोख मुख्यतः चालकावर राहिला. क्षणभर धरून चालू की तो सर्वस्वी दोषी होता. तरीही, डिसेंबर २०२२ मध्ये एवढ्या थाटाने जो रस्ता खुला केला, त्यावर चालकाला गाडी उभी करून घटकाभर पाठ टेकण्याच्या सोयी तेव्हा पुऱ्या का झाल्या नव्हत्या? उद्घाटनाची तारीख ठरली होती. विश्रांतिस्थानांची ठरली नव्हती, एवढेच!

मोटार परिवहन कामगारांसाठी १९६१ च्या कायद्याने दिवसाला ८ व आठवड्याला ४८ तासांची मर्यादा घातली होती. लांब पल्ल्याची सवलत धरूनही १० व ५४. सहा दशकांत ती रात्रीच्या ट्रॅव्हल्सच्या केबिनपर्यंत पोहोचली काय? पाचांहून कमी कामगार असलेल्या मालकाला तर तो कायदा मुळात लागूच नव्हता. नोव्हेंबर २०२५ मध्ये श्रमसंहिता अंमलात आल्या आणि तो कायदाच त्यांत विरून गेला.

आता शिक्षेचे माप पाहा. धडक देऊन पळणाऱ्या चालकाला भारतीय न्याय संहितेने दहा वर्षांपर्यंतचा तुरुंगवास योजला. जमाव आपल्याला जिवंत सोडणार नाही या भयानेही चालक पळतो, हे संहिता लिहिणाऱ्यांच्या गावीही नव्हते. जानेवारी २०२४ मध्ये चालकांनी संप केला (वृत्तपत्रांना त्यात पेट्रोलपंपावरच्या रांगा तेवढ्या दिसल्या), म्हणून जुलै २०२४ मध्ये संहिता लागू होताना ते कलम बाजूला ठेवावे लागले. उलट, सदोष रस्ता बांधून मृत्यूला कारण होणाऱ्या कंत्राटदाराला २०१९ च्या मोटार वाहन दुरुस्ती कायद्याने ठरविलेला कमाल दंड किती? एक लाख रुपये. कोट्यवधींच्या कंत्राटात ही रक्कम चहापाण्याच्या खर्चात बसते.

हा प्रश्न मोटारवाल्या मध्यमवर्गाचा आहे, आपला नव्हे, असे आपल्यातल्याच काही मित्रांना वाटते. त्यांनी मृतांची यादी पाहावी. २०२२ मध्ये देशभरच्या मृतांत सुमारे ४४ टक्के दुचाकीस्वार होते, आणि जवळजवळ पाचवा हिस्सा पादचाऱ्यांचा. ज्या गावची एसटीची फेरी बंद होते तेथला मजूर तिघांना बसवून दुचाकी हाकतो. त्याला हेल्मेटचे प्रवचन देण्यापूर्वी त्याची बस परत द्या. ऊसतोडणी कामगार बायकापोरांसह ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून अंधारात कारखान्याच्या वाटेला लागतो. त्या ट्रॉलीला मागे दिवा नसतो. साखर कारखान्याच्या अध्यक्षाला याबद्दल कधी कोणी नोटीस धाडल्याचे आमच्या ऐकिवात नाही.

राज्य परिषदेवर व जिल्हा समित्यांवर कोणाला घ्यावे, हे मोटार वाहन कायद्याच्या कलम २१५ ने शासनाच्या मर्जीवर सोडले आहे. तेथे चालकांच्या व ऊसतोडणी कामगारांच्या संघटनांचे प्रतिनिधी हक्काने बसले पाहिजेत, ही मागणी आपण लावून धरली पाहिजे. जिल्हा शाखांनी गाळप हंगामापूर्वी आपापल्या तालुक्यातील धोक्याच्या जागा, बंद झालेल्या एसटी फेऱ्या आणि दिवे नसलेल्या ट्रॉल्या यांची गावनिहाय यादी करून ती जिल्हाधिकाऱ्यांच्या हाती द्यावी, व पोच घेतल्याशिवाय कचेरीतून उठू नये.